ओसीआय कार्डधारकाने मतदार यादीतील आपल्या नावाचे काय करावे?

पुण्याच्या मतदार यादीत नाव, हाती अमेरिकेचा पासपोर्ट आणि सोबत ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला भारत सरकार देते ते कार्ड), अशी स्थिती असलेल्यांनी भारतात मतदान करावे का, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीपूर्वी निघतो. याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ नुसार मतदानाचा हक्क केवळ भारतीय नागरिकाला आहे, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते.

याच कायद्याचे कलम ७ब कार्डधारकाला काय मिळत नाही ते स्पष्ट सांगते: त्याला मतदार म्हणून नोंदणी करता येत नाही, विधानसभा, विधान परिषद किंवा संसदेची निवडणूक लढवता येत नाही आणि राष्ट्रपतिपद किंवा उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपदही भूषवता येत नाही. शिवाय कार्डधारक परदेशी नागरिक असल्याने परदेशी देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्यानुसार राजकीय पक्षाला किंवा उमेदवाराला त्याच्याकडून देणगी घेता येत नाही. ओळखीच्या उमेदवाराला प्रेमाने पाठवलेली रक्कम त्यालाच अडचणीत आणू शकते.

म्हणून नवे नागरिकत्व मिळताच भारतीय पासपोर्ट वकिलातीमार्फत परत करून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे नमुना ७ भरून आपले नाव वगळण्याची विनंती करावी. नाव यादीत राहिले म्हणून हक्क राहत नाही. उलट नोंदणीसाठी खोटे निवेदन केल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घरच्यांनी ‘नाव राहू दे’ म्हटले, तरी हे काम टाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

गोव्यात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्वाची वाट ठेवल्यामुळे अनेक कुटुंबांनी ती धरली. तो पासपोर्ट घेतल्यावर पंचायतीपासून लोकसभेपर्यंतचे मत गमवावे लागते, हे अर्ज करण्यापूर्वीच घरात बोलून घ्यावे. त्या बदल्यात मिळणारा हक्क मात्र खरा आहे: पोर्तुगालच्या २३० सदस्यांच्या संसदेत परदेशस्थ नागरिकांचे चार प्रतिनिधी असतात आणि त्यांच्या निवडणुकीत टपालाने मत देता येते.

केवळ नोकरीसाठी परदेशी राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट कायम ठेवलेल्या व्यक्तीची गोष्ट वेगळी आहे. तिने नमुना ६अ भरावा. पासपोर्टवरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदले जाते. मतदानासाठी मात्र तेथील केंद्रावर मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः जावे लागते. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीयाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तेथील संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते, आणि त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडावे लागत नाही.

ज्यांना भारतातील मतदानाचा हक्क परत हवा आहे, त्यांच्यासाठी नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ मध्ये मार्ग आहे. ओसीआय नोंदणीला पाच वर्षे झालेली असावीत आणि अर्जापूर्वी सलग बारा महिने भारतात वास्तव्य असावे. नागरिकत्व मिळवताना परदेशी नागरिकत्व सोडावे लागते. त्यानंतर नव्या मतदाराप्रमाणे नमुना ६ भरावा.