फराळाचा घरगुती धंदा आणि हातातला फोन: या चुका टाळा

घरून फराळ, मसाले, लोणची विकणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: 'सोशल मीडियाला वेळ पुरत नाही हो.' जरा खोदून विचारलं की कळतं, पोस्ट टाकायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. खरा वेळ खातात तेच ते प्रश्न, आणि टाकलेलं कुणी कुणी पाहिलं हे बघत बसणं. म्हणून 'पोस्ट कमी करा' या सल्ल्याने फारसं काही साधत नाही. पोस्ट कमी होतात, फोन हातातच राहतो.

इथे उदाहरणं फराळाची घेतली आहेत, कारण या धंद्यात सगळी गर्दी दिवाळीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत उसळते आणि चुका लगेच दिसतात. साडीवाल्यांनी, केकवाल्यांनी, आंबेवाल्यांनी आपापल्या हिशेबाने वाचावं.

'किमतीसाठी मेसेज करा'

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून आधी हीच. चकलीचा फोटो झकास असतो आणि खाली ओळ: 'ऑर्डरसाठी इनबॉक्स करा.' भाव का लिहिला नाही विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक, लोकांनी कमेंट केल्या की पोस्ट जास्त पसरते. दुसरं, शेजारच्या सोसायटीतल्या फराळवाल्या बाईंना आपला भाव कळायला नको. (त्यांना तो कळलेलाच असतो. त्यांच्या जावेने गेल्याच आठवड्यात तुम्हाला 'रेट प्लीज' केलेलं असतं.)

मग सुरू होतं: 'भाव?' 'ताई, किलोला कसं?' 'ठाण्यात पोचवता का?' 'कुरिअर वेगळं का?' 'शेवटची तारीख?' एकच माणूस पाच वेळा मेसेज करतो, तुम्ही पाच वेळा उत्तर देता आणि शेवटी येतं, 'घरी विचारून सांगते.' अशी वीस माणसं धरली तर दुपार गेली.

उपाय अगदी साधा आहे. जे विचारलं जातं ते फोटोवरच लिहा. अर्धा किलो आणि किलोचा भाव, तेलातलं की तुपातलं, कुठे कुठे घरपोच, कुरिअरचा खर्च धरून की वेगळा, ऑर्डरची शेवटची तारीख, आगाऊ रक्कम किती. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांकही तिथेच टाका, तोही विचारणारे आता बरेच आहेत. फोटोखाली लिहिलेला मजकूर चित्र पुढे ढकलताना गळून पडू शकतो. फोटोवरचा मजकूर मात्र सोसायटीच्या ग्रुपवरून आत्याच्या ग्रुपवर गेला तरी सोबत राहतो.

एवढं करूनही लोक विचारणारच. त्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये, म्हणजे धंद्यासाठीच्या वेगळ्या व्हॉट्सॲपमध्ये, 'क्विक रिप्लाय' आहेत. एकदा उत्तर लिहून ठेवायचं, त्याला छोटं नाव द्यायचं आणि पुढे चॅटमध्ये तिरकी रेघ टाइप केली की यादी समोर येते. पन्नासपर्यंत ठेवता येतात, पण पाच पुरतात: भाव, घरपोच भाग, पैसे कसे भरायचे, पत्ता नीट पाठवा, ऑर्डर मिळाली. शेवटचं विशेष कामाचं, कारण 'मेसेज मिळाला का?' असा पुढचा मेसेज त्याने टळतो.

तळण चालू, फोनही चालू

चकली तेलात सोडली की आधी भरभरून बुडबुडे येतात. ते ओसरायला लागले की ती होत आलेली असते, आणि मग बदामी रंगापासून करपट रंगापर्यंत जायला तिला फार वेळ लागत नाही. नेमका त्याच वेळी ओट्यावरचा फोन वाजतो. एका हातात झारा, दुसऱ्या हाताची बोटं तेलकट, म्हणून करंगळीने स्क्रीन उघडायची आणि 'हो मिळेल' लिहायचं. घाणा काळवंडतो हे एक झालं. दुसरं जास्त वाईट: घाईत दिलेलं ते 'हो' वहीत उतरत नाही आणि दोन आठवड्यांनी दारात उभं राहतं.

उकळत्या तेलाजवळ फोन नको, याला वेगळं कारण सांगायची गरज नसावी.

दिवसातून दोन वेळा ठरवा. सकाळी कढई चढवण्याआधी एकदा आणि दुपारी जेवणानंतर एकदा. रात्रीची वेळ पैसे आले का ते बघण्यासाठी आणि उद्याची यादी काढण्यासाठी, नवीन गप्पांसाठी नाही. 'लगेच उत्तर दिलं नाही तर गिऱ्हाईक जाईल' ही भीती मला निम्मीच खरी वाटते. आजच्या आज केक हवा असणारा माणूस थांबणार नाही, मान्य. दोन आठवड्यांनंतरच्या फराळाची ऑर्डर देणारी बाई तीन तास थांबते. तुमची चकली तिने खाल्लेली असते.

परदेशातल्या गिऱ्हाइकांमुळे रात्र जागवणारेही आहेत. त्यांनी घड्याळाचा हिशेब एकदा मांडावा. न्यू जर्सीत दुपारी जेवणाच्या सुट्टीत साडेबाराला कुणी मेसेज केला, तर दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे रात्रीचे दहा ते अकरा वाजलेले असतात. तुम्ही सकाळी सातला उत्तर दिलंत तर ते त्यांना त्याच दिवशी रात्री मिळतं. परदेशी पार्सल दिवाळीच्या बरंच आधी निघायला हवं असतं, त्यामुळे तिथे घाई उत्तराची नसते, तारखेची असते. त्यांच्यासाठी ऑर्डरची शेवटची तारीख वेगळी आणि आधीची ठेवा, आणि ती फोटोवर लिहा.

'अवे मेसेज लावला, पण जातच नाही'

ठरलेल्या वेळेबाहेर आपोआप उत्तर जावं म्हणून लोक 'अवे मेसेज' लावतात आणि दोन दिवसांनी सांगतात, चालत नाही. चार गोष्टी तपासा. 'कामाच्या वेळेबाहेर पाठवा' निवडलं असेल तर प्रोफाइलमध्ये कामाची वेळ भरलेली आहे का? मेसेज सगळ्यांना जावा असं निवडलंय, की ज्यांचे नंबर सेव्ह नाहीत त्यांनाच? फोनचं घड्याळ बरोबर आहे का? आणि चौथी बहुतेकांना माहीत नसते: फोनला इंटरनेट असेल तेव्हाच हा मेसेज जातो. रात्री डेटा बंद करून झोपलात तर तोही झोपतो.

'ग्रीटिंग मेसेज' ही वेगळी गोष्ट. तो पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला जातो, किंवा 14 दिवस बोलणं झालेलं नसेल तर पुन्हा जातो. भावपत्रक, म्हणजे कॅटलॉगची लिंक, इथे टाकली तर निम्मे प्रश्न तुम्ही फोन उघडण्याआधीच मिटतात.

मजकूर लिहिताना 'वुई विल गेट बॅक टू यू' छाप काही नको. 'नमस्कार, आत्ता तळण चालू आहे. दुपारी 3 ते 4 मध्ये उत्तर देते. भाव आणि तारखा इथे आहेत' एवढं पुरे. लोक हसून थांबतात.

ब्रॉडकास्ट केलं, निम्म्यांना मिळालंच नाही

तुमचा नंबर ज्यांनी आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्यांच्यापर्यंत ब्रॉडकास्ट यादीतला, म्हणजे एकदम अनेकांना वेगवेगळा जाणारा, मेसेज पोचत नाही. तुमच्याकडे त्यांचा नंबर आहे एवढ्याने भागत नाही. लोक हे न कळून तोच मेसेज एकेकाला हाताने पाठवत बसतात आणि अख्खी संध्याकाळ त्यात घालवतात. त्यापेक्षा प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाका: 'पुढच्या वेळचे भाव कळण्यासाठी हा नंबर सेव्ह करा.' एका यादीत 256 जण मावतात. घरगुती धंद्याला अशा एक-दोन याद्या पुष्कळ झाल्या.

घरचा आणि धंद्याचा नंबर एकच असणं हेही याच जातीचं दुखणं. मावशीचा वाढदिवस बघायला फोन उघडला आणि तीन ऑर्डरींत अडकलो, किंवा उलट. एकाच फोनवर साधं व्हॉट्सॲप आणि व्हॉट्सॲप बिझनेस दोन वेगळ्या नंबरांवर चालतात. घरच्या लँडलाइन नंबरवरही बिझनेस खातं उघडता येतं. कोड फोन करून सांगितला जातो.

पाच ठिकाणी हजेरी

इन्स्टाग्राम, फेसबुक पान, यूट्यूब, व्हॉट्सॲप स्टेटस, चॅनेल, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आणखी एक. प्रत्येक ठिकाणी तोच लाडू. यातलं कुठलं सोडायचं हे अंदाजाने ठरवू नका. ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवा: 'कुठून कळलं?' एक हंगामभर लिहा. घरगुती फराळात बहुतेक वेळा उत्तर 'स्टेटस', 'सोसायटीचा ग्रुप' आणि 'वहिनींनी सांगितलं' असंच येतं. तसं आलं तर इन्स्टाग्राम बंद करायची गरज नाही. भाव, भाग आणि नंबर असलेल्या तीन पोस्ट वर पिन करून ठेवा आणि तिथून हात काढा. दुकानाचा गाळा असेल तर गुगलवरचं व्यवसायाचं प्रोफाइल मात्र सोडू नका. ते फुकट आहे, त्यात रोज काही टाकावं लागत नाही, फक्त सणाच्या सुट्ट्या आणि वेळ बरोबर ठेवावी लागते.

रीलसाठी फराळ, की फराळासाठी रील

जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील आणले आणि तेव्हापासून छोट्या धंद्याच्या मानगुटीवर 'रोज एक रील' बसलंय. कुणी बसवलं ते विचारू नये.

रील करू नका असं नाही, पण दिवाळीच्या आठवड्यात करू नका. सप्टेंबरमध्ये नमुन्याचा एक घाणा काढाल तेव्हाच मोबाइल तिवईवर लावून सगळं एकदम टिपून घ्या: सोऱ्यातून पडणारी चकली, करंजीची मुरड, लाडवाचा पहिला आकार. त्याचे तुकडे करून इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यातूनच पुढच्या तारखांना लावून ठेवता येतात, 75 दिवस पुढेपर्यंत. फेसबुकसाठी मेटा बिझनेस सूटमध्ये, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकत्र सांभाळायच्या मेटा कंपनीच्या ॲपमध्ये, तीच सोय आहे. गाणी शोधण्यात अर्धा तास घालवू नका. बिझनेस खात्याला बरीच लोकप्रिय गाणी दिसतच नाहीत, कारण व्यापारी वापराचे हक्क वेगळे असतात. तळणाचा चर्र आवाज चालतो, आणि माझ्या मते जास्त चालतो.

टाकून झालं, आता बघत बसणं

स्टेटस टाकल्यावर 'किती जणांनी पाहिलं' हे दर पाच मिनिटांनी उघडणं कुणी कामात धरत नाही, पण वेळ खाणारं तेच. त्यात नणंदेने पाहून उत्तर दिलं नाही हे दिसतं, आणि मग त्यावर वेगळा अर्धा तास.

फोनमध्ये ॲपला वेळेची मर्यादा लावायचा सल्ला सगळे देतात. घरी बसून विरंगुळा करणाऱ्यांना तो लागू पडतो. धंदेवाल्याची अडचण अशी की त्याच ॲपमध्ये ऑर्डरही येतात, म्हणून मर्यादेची सूचना आली की 'आज दुर्लक्ष करा' दाबलं जातं. त्यापेक्षा ऑर्डर बघण्याचा दरवाजाच बदला. मेटा बिझनेस सूटच्या इनबॉक्समध्ये इन्स्टाग्राम आणि फेसबुकचे मेसेज दिसतात, पण इतरांच्या रील समोर येत नाहीत. संगणक असेल तर तिथेच उत्तरं द्या. इन्स्टाग्रामच्या सूचना फोनवर बंद ठेवल्या तरी मग काही अडत नाही.

दुसऱ्या फराळवाल्यांची खाती बघण्याला 'मार्केटचा अभ्यास' म्हणायची पद्धत आहे. महिन्यातून एकदा, वहीत त्यांचे भाव लिहून घेत केला तर अभ्यास.

खातं भाच्याच्या हातात

वेळ वाचवायला मदत जरूर घ्या, पण पासवर्ड वाटू नका. फेसबुक पानावर आणि बिझनेस सूटमध्ये माणसाला त्याच्या नावाने प्रवेश देता येतो आणि काढताही येतो. दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवा. 'तुमच्या पानाने कॉपीराइटचा भंग केला, चोवीस तासांत इथे दाबा' असा मेसेज आला तर दाबू नका. हे जाळं आहे. खातं गेल्यावर ते परत मिळवण्यात जो वेळ जातो, त्यापुढे वर्षभराच्या रील काहीच नाहीत.

ऑर्डरी फक्त चॅटमध्ये ठेवणं हाही धोकाच. 4 ऑक्टोबर 2021 ला, नवरात्र तीन दिवसांवर असताना, आपल्या रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास बंद पडली होती. ज्यांच्या ऑर्डरी वहीत होत्या ते निवांत झोपले. व्हॉट्सॲप बिझनेसमधली लेबलं वापरा, 'पैसे बाकी', 'पाठवलं' असं लावा, पण रोज रात्री वहीत उतरवाच.

पंचांग आणि पोस्ट यांचा मेळ नाही

अनारशाचं उदाहरण घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग उपसून, किंचित ओलसर असतानाच दळून, चाळून गुळात कालवायचं आणि ते पीठ मुरू द्यायचं. म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशी 'अनारसे मिळतील' असा स्टेटस टाकून उपयोग नाही, उलट तीस जणांना नकार कळवण्याचं काम लागतं. ज्याला जास्त दिवस लागतात त्याची जाहिरात सगळ्यात आधी करा: अनारसे, मग लाडू-करंजी, मग चकली-शेव. चिवडा सगळ्यात शेवटी आला तरी चालतो.

आणि हाताला जेवढं झेपतं तेवढ्या ऑर्डरी झाल्या की त्याच दिवशी 'ऑर्डर बंद' लावा. प्रोफाइलच्या ओळीत, स्टेटसवर आणि अवे मेसेजमध्ये, आणि तो मेसेज आता 'कायम' वर ठेवा. कॅटलॉगमधल्या वस्तू काढून टाकू नका, लपवून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा भरायला नकोत. उशिरा विचारणाऱ्यांना 'पुढच्या वेळी आधी' असं एक लेबल लावून ठेवा. पुढच्या हंगामाची पहिली ब्रॉडकास्ट यादी तिथूनच निघते.