वाटीचं माप किलोत कसं काढायचं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरच्या पुरणपोळ्या करायच्या म्हटलं की घरातलं माप असतं वाटीचं आणि दुकानात डाळ मागायची किलोत, मग अंदाजाने आणलं की एक तर कमी पडते नाहीतर उरते. डिजिटल वजनकाटा असेल तर हे एकदाच करून ठेवा.

१. माप म्हणून एकच वाटी ठरवा. ती रिकामी काट्यावर ठेवून झिरो करा, मग काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम दिसतील तितकेच मिली तुमची वाटी.

२. वाटी पूर्ण कोरडी करून त्यात हरभरा डाळ, साखर, मैदा, जे नेहमी लागतं ते एकेक भरा, वरून सुरीने सपाट करा, वजन बघा.

३. आकडा त्याच डब्याच्या झाकणावर मार्करने लिहा, वहीत लिहिलेलं ऐनवेळी सापडत नाही.

२०० मिलीच्या वाटीत साधारण १६५ ग्रॅम डाळ बसते, मैदा मात्र १०० ग्रॅमच्या आसपासच, म्हणून सगळ्याला एकच आकडा लावू नका. १२ वाट्या डाळ म्हणजे जवळपास २ किलो, झालं, थेट तेवढीच मागा.

फक्त पिठाचं सांभाळा. दाबून भरलं की वजन बरंच वाढतं, चमच्याने हलकंच भरायचं. आणि कळण्याचं (ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं) पीठ दर दळणाला कधी जाड कधी बारीक येतं, त्यामुळे त्याचा आकडा नवीन दळण आणलं की परत काढा.