प्रार्थना कीटक ओळखताना या चुका टाळा

पाऊस सरत आला की ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून मला फोटो यायला लागतात. खिडकीच्या जाळीवर, जिन्यातल्या ट्यूबलाइटजवळ, नाहीतर कुंडीतल्या जास्वंदीवर बसलेला हिरवा किडा आणि खाली प्रश्न, "काका, हा कुठला नाकतोडा?" येऊरच्या जंगलातल्या वाटांवर मुलांना किडे दाखवत फिरताना हाच प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. पुस्तकात त्याला प्रार्थना कीटक म्हणतात, खंडोबाचा किडा असंही एक नाव आहे. नाकतोडा मात्र तो नव्हे.

नाकतोडे, टोळ, रातकिडे एका गणातले, म्हणजे वर्गीकरणातल्या एका मोठ्या गटातले. प्रार्थना कीटकांचा गण वेगळा, मँटोडिया. त्यांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे झुरळं आणि वाळवी. हे सांगितलं की मुलं नाक मुरडतात, पण झुरळ जशी अंडी एका पेटीत घालतं तशीच प्रार्थना कीटकाची मादीही घालते, हे आठवलं की नातं पटतं. नाकतोडा पाला खातो आणि मागच्या दणकट पायांनी उडी मारतो. प्रार्थना कीटक निव्वळ शिकारी. त्याचे पुढचे पाय काटेरी चिमट्यासारखे मिटतात आणि डोकं वळवून तो तुमच्याकडे बघतो.

फक्त पुढच्या पायांवरही विसंबू नका. मँटिसपिड नावाच्या कीटकाचे पाय अगदी असेच असतात, पण त्याचे पंख पारदर्शक आणि जाळीदार असतात. तो पूर्णपणे वेगळ्या गणातला आहे.

सगळ्यात जास्त घोळ रंगामुळे होतो. "हिरवा एक जात, तपकिरी दुसरी" असं समजून लोक दोन नोंदी करतात. एकाच जातीत दोन्ही रंग सापडतात आणि काही जातींत कात टाकताना रंग बदलतोही. डोळ्यांचंही तसंच. डोळ्यातला काळा ठिपका ही खूण समजून एका मुलीने मला त्याचं सुंदर चित्र काढून आणलं होतं. तो ठिपका डोळ्यावर नसतोच. अनेक बारीक डोळे मिळून बनलेल्या संयुक्त डोळ्याचे जे भाग थेट आपल्याकडे रोखलेले असतात तेवढे काळे दिसतात, म्हणून आपण हललो की ठिपकाही हलतो. रात्री तर अख्खे डोळेच गडद होतात. दिवसा हिरव्या डोळ्यांचा पाहिलेला कीटक रात्री टॉर्चमध्ये काळ्या डोळ्यांचा दिसला, तर तो नवा समजू नका.

पंख नाहीत म्हणून "बिनपंखी जात" ठरवणं ही पुढची चूक. पिल्लांना पूर्ण पंख शेवटची कात टाकल्यावरच येतात. काही जातींत मादीचे पंख मोठेपणीही आखूड राहतात, हे खरं. पण जून-जुलैत दिसलेलं बोटाच्या पेराएवढं बिनपंखी पोर बहुधा पिल्लूच असतं आणि त्याची जात ठरवायची घाई करू नये.

आता वितरणाचं. जगात प्रार्थना कीटकांच्या 2400 हून अधिक जाती आहेत, त्यातल्या बहुतेक उष्ण प्रदेशांत. भारतात दीडशेहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत. इंटरनेटवर चित्र जुळवताना ही जगभरची गर्दी समोर येते आणि मग ठाण्याच्या बागेत कुणाला तरी 'ऑर्किड मँटिस', म्हणजे फुलासारखा दिसणारा प्रार्थना कीटक, सापडतो. तो आग्नेय आशियातल्या वर्षावनांतला. आपल्याकडे जे दिसतं ते पुष्कळदा क्रिओब्रोटर या फुलावर बसणाऱ्या छोट्या प्रजातीचं (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) पिल्लू असतं, पोट वर वळवून बसलेलं. दोघं एकाच कुलातले, म्हणजे प्रजातींच्या एकाच गटातले, म्हणून साम्य आहे. प्रौढ क्रिओब्रोटरच्या पंखावर डोळ्यासारखा ठळक ठिपका असतो, तो पाहिला की शंका उरत नाही. फोटोवरून कीटक ओळखणाऱ्या अ‍ॅपने नाव सुचवलं की आधी त्या जातीचा नकाशा उघडून पाहा.

वर्गीकरणात जुन्या याद्या फसवतात. पूर्वी बहुतेक जाती मँटिडी या एकाच प्रचंड कुलात कोंबलेल्या असत. 2019 मध्ये श्वार्झ आणि रॉय या कीटकशास्त्रज्ञांनी सगळी मांडणी नव्याने केली आणि कितीतरी प्रजातींची कुलं बदलली. मला यातलं झाडाच्या सालीवर राहणाऱ्यांचं उदाहरण फार आवडतं. आशियातले आणि अमेरिकेतले सालीवरचे प्रार्थना कीटक चपटे, करडे, चपळ. दिसायला भावंडंच, म्हणून ते एकत्र ठेवले होते. डीएनए तपासल्यावर कळलं की सालीवर राहता राहता ते स्वतंत्रपणे सारखे झाले आहेत. आपल्याकडची सालीवर राहणारी हम्बर्टिएला ही प्रजाती आता गोनिपेटिडी कुलात आहे. म्हणून दोन पुस्तकांत दोन कुलं दिसली तर आधी प्रकाशनाचं वर्ष पाहा.

"नाव का सांगत नाही?" अशी तक्रार येते तेव्हा फोटो नव्वद टक्के वेळा वरून काढलेला असतो. मला हवी असते पुढच्या पायांची आतली बाजू. तिथले रंग, ठिपके आणि काटे यावर पुष्कळ काही ठरतं. हिरोड्युला या आपल्या मोठ्या हिरव्या प्रजातीत तर त्याशिवाय पुढे सरकताच येत नाही, आणि कधी नराची जननांगं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. तेव्हा नोंद प्रजातीपर्यंतच ठेवावी, त्यात कमीपणा नाही. एक फोटो पोटाच्या खालून घ्या. मादीच्या पोटाखाली सहा खंड दिसतात, नराच्या आठ. बाटलीत भरून आणू नका, जागेवरच फोटो काढा आणि झाड कुठलं, वेळ काय, हे लिहा.

शेवटची चूक रंगकामाच्या वेळची. भिंतीवर किंवा ग्रिलवर वाळलेल्या फेसासारखा तपकिरी गोळा दिसला की रंगारी पत्र्याने खरवडतो. ती अंड्यांची पेटी असते, आतून कित्येक डझन पिल्लं निघू शकतात. कुंडीतल्या फांदीवर असेल तर फांदी तशीच ठेवा. फांदी छाटावीच लागली तर ती दुसऱ्या झाडाला, सावलीत, मुंग्यांपासून दूर बांधा. पेटीच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रं दिसली, तर आतली अंडी खाऊन परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडून गेल्या आहेत. पिल्लं अशी छिद्रं पाडत नाहीत, ती मधल्या पट्टीतून बाहेर येतात.