अमेरिकन साम्राज्यवादाचं उत्तर कसं लिहायचं: संत्र्याची केस आणि वऱ्हाडचा भाडेपट्टा

ज्यांचा एमए हिस्ट्रीचा पेपर आहे, नेट-सेट आहे, किंवा यूपीएससीला हिस्ट्री ऑप्शनल घेतलंय अशा आपल्या नागपूरच्या पोट्ट्यांसाठी हे लिहून राहिलो. अमेरिकेचा समुद्रापलीकडचा विस्तार, त्याची कारणं आणि परिणाम, हा प्रश्न आला की बहुतेक उत्तरं एकाच साच्यातली निघतात, आर्थिक कारणं, लष्करी कारणं, वांशिक कारणं, मग परिणाम, आणि शेवटी "अशा प्रकारे अमेरिका महासत्ता बनली". त्यात चूक काही नसते. पण कोणी कोणाकडून काय घेतलं, कोणत्या कागदावर घेतलं आणि त्या कागदात अटी काय होत्या, हेच नेमकं नसते, आणि मार्क तिथंच जातात.

तर सुरुवात संत्र्यापासून करा. मजाक नाही करून राहिलो. १८९८ च्या युद्धात अमेरिकेनं स्पेनकडून पोर्टो रिको घेतलं. मग सॅम्युअल डाउन्स नावाच्या व्यापाऱ्यानं तिथून न्यूयॉर्कला संत्री आणली तर कस्टमवाल्यांनी त्याच्याकडून ६५९ डॉलर ३५ सेंट ड्यूटी घेतली. तो म्हणाला, बेट आता आपलंच आहे ना, मग आपल्याच मालावर ड्यूटी काहून? घटनेत तं लिहिलंय की ड्यूटी सगळ्या देशात एकसारखी पाहिजे. केस सुप्रीम कोर्टात गेली, डाउन्स विरुद्ध बिडवेल, १९०१, आणि ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला की ड्यूटी बरोबर आहे, कारण पोर्टो रिको अमेरिकेच्या मालकीचं आहे पण अमेरिकेचा भाग नाही. झालं. म्हणजे झेंडा फडकेल पण घटना त्याच्या मागोमाग पूर्णपणे जाईलच असं नाही. पोर्टो रिकोच्या लोकांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळालं, तरी बेटावर राहणारा माणूस आजही राष्ट्राध्यक्षाला मत देऊ शकत नाही, आणि अमेरिकन सामोआत जन्मलेल्याला तर आपोआप नागरिकत्वही मिळत नाही. नागपूरच्या विद्यार्थ्यानं संत्र्याची केस विसरायचं काही कारणच नाही, आणि हा एक मुद्दा "परिणाम" मध्ये नीट लिहिला तर बाकीच्या गाईडवाल्या उत्तरांपासून तुमचं उत्तर तिथंच वेगळं होते.

आता टाइमलाइन. १८९८ पासून सुरू करू नका, सगळे तिथूनच करतात आणि मग वाचणाऱ्याला वाटते अमेरिका एक दिवस झोपेतून उठली अन् साम्राज्यवादी झाली. १८५३ ला अमेरिकन नौदलाच्या पेरीची जहाजं जपानला पोचली. १८५६ ला अमेरिकन संसदेनं कायदा केला की समुद्रात पक्ष्यांच्या विष्ठेचं खत असलेलं रिकामं बेट सापडलं तर अमेरिकन नागरिकानं त्याच्यावर दावा ठोकावा, सरकार पाठीशी राहील. (खतासाठी बेटं! हे वाक्य उत्तरात टाकाच.) १८६७ ला रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का, त्याच साली पॅसिफिकमधलं मिडवे. म्हणजे सवय जुनी होती, १८९८ ला फक्त वेग वाढला.

कारणं लिहिताना एक काम करा, प्रत्येक कारणाला एक माणूस किंवा एक तारीख चिकटवा, नुसतं "आर्थिक कारण" असा मथळा देऊन सोडू नका. १८९० च्या जनगणनेनं सांगितलं की पश्चिमेकडं मोकळ्या जमिनीची सलग सीमारेषा आता उरली नाही, १८९३ ला इतिहासकार टर्नरनं त्याच्यावर आपला प्रसिद्ध निबंध वाचला, आणि त्याच वर्षी बँका बुडाल्या, मंदी आली, कारखान्यांचा माल पडून राहिला. १८९० लाच महान नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं मांडलं की मोठा देश व्हायचं तर मोठं नौदल पाहिजे, आणि जहाजं कोळशावर चालत असल्यामुळं वाटेत कोळसा भरायला बंदरं पाहिजेत. हे कोळशाचं समजलं की नकाशा आपोआप समजतो, हवाई, ग्वाम, मनिला, सगळे ठिपके चीनकडं जाणाऱ्या एकाच रस्त्यावर आहेत.

बाजारपेठेच्या कारणाबद्दल मात्र जरा सांभाळून. अमेरिकेचा बहुतेक व्यापार तेव्हा युरोप आणि कॅनडाशीच होता, चीनचा वाटा फार छोटा. म्हणून "चीनच्या बाजारासाठी घेतलं" असं सरळ न लिहिता "चीनच्या बाजाराच्या आशेवर घेतलं" असं लिहा. आशा हे पण कारणच असते, आणि पुष्कळदा ती प्रत्यक्ष नफ्यापेक्षा जास्त जोर लावते असं माझं तरी मत आहे. वांशिक अहंकाराचा मुद्दा एका परिच्छेदात घ्या, आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनं १८९९ मध्ये गोऱ्या माणसाच्या ओझ्याची कविता लिहिली ती फिलिपिन्सवरून अमेरिकेलाच उद्देशून होती, तेवढं पुरते. तोच अहंकार उलटा पण चालत होता, "असल्या लोकांना आपल्यात घ्यायचंच कशाला" म्हणून विस्ताराला विरोध करणारेही होते.

आता ठिकाणं. इथं वेळ द्या.

हवाई म्हणजे साखरेची गोष्ट. १८७५ च्या करारानं हवाईची साखर अमेरिकेत बिनाड्यूटी जायला लागली, गोऱ्या मळेवाल्यांची चांदी झाली. १८८७ ला त्यांनी बंदुकीच्या धाकानं राजाकडून नवी घटना सही करून घेतली, आणि त्याच साली पर्ल हार्बर वापरायचा हक्क अमेरिकेला मिळाला. मग १८९० ला मॅकिन्ली टॅरिफ (अमेरिकेचा आयात ड्यूटीचा कायदा) आलं, सगळ्याच देशांची साखर ड्यूटीफ्री, वरून अमेरिकेतल्या साखर पिकवणाऱ्यांना पौंडामागं २ सेंट बक्षिसी. हवाईचा फायदा एका कायद्यानं गेला. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला हटवलं, तेव्हा अमेरिकेचा राजदूत स्टीव्हन्सनं बॉस्टन जहाजावरचे सैनिक किनाऱ्यावर उतरवून ठेवले होते. पण म्हणून "मळेवाल्यांनी साखरेसाठी केलं" एवढंच लिहून मोकळे होऊ नका, कारण स्प्रेकल्ससारखा सगळ्यात मोठा साखरसम्राटच विलीनीकरणाच्या विरोधात होता, अमेरिकेचे कायदे लागू झाले तर चीन-जपानमधून करारावर आणलेले मजूर मिळणार नाहीत ही भीती होती. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडनं पण विलीनीकरण अडवलं. शेवटी १८९८ च्या जुलैत, स्पेनशी युद्ध चालू असताना, काम झालं, आणि तेही तहानं नाही तर दोन्ही सभागृहांच्या साध्या ठरावानं, कारण तहाला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात अन् ती नव्हती. १९९३ मध्ये अमेरिकन संसदेनं राणीला हटवण्यातल्या भूमिकेबद्दल माफीचा ठराव केला.

क्यूबा. अमेरिकेचं मेन नावाचं युद्धजहाज १५ फेब्रुवारी १८९८ ला हवाना बंदरात फुटलं, २६० च्या वर खलाशी मेले, पेपरवाल्यांनी स्पेनच्या नावानं बोंब ठोकली. १९७६ मध्ये अॅडमिरल रिकोव्हरच्या अभ्यासात निघालं की बहुधा जहाजातल्याच कोळशाला आग लागली होती. उत्तरात हे दोन ओळीत, जास्त रंगवू नका, मेन हे निमित्त होतं, कारण नव्हतं. खरं वाचायचं ते दोन कागद. टेलर दुरुस्ती, एप्रिल १८९८: आम्ही क्यूबा गिळणार नाही. (फक्त क्यूबा बरं का, पोर्टो रिको आणि फिलिपिन्सचं नावच नाही.) आणि प्लॅट दुरुस्ती, १९०१, जी सैन्याच्या खर्चाच्या बिलाला जोडून पास केली: क्यूबानं आपल्या स्वातंत्र्याला बाधा येईल असे तह परदेशांशी करायचे नाहीत, झेपणार नाही एवढं कर्ज काढायचं नाही, अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क राहील, आणि कोळसा-नौदलासाठी जमीन द्यायची. हे सगळं क्यूबाच्या घटनेत टाका तरच सैन्य जाईल. टाकलं बिचाऱ्यांनी. १९०६ ला सैन्य परत आलं ते १९०९ पर्यंत बसलं. १९०३ ला ग्वांतानामो भाड्यानं गेलं, वर्षाला २००० सोन्याचे डॉलर. प्लॅट दुरुस्ती १९३४ ला रद्द झाली पण भाडेपट्टा राहिला, भाडं पुढं ४०८५ डॉलर झालं, आणि क्रांतीनंतरचा एक चेक सोडला तर क्यूबानं ते चेक वटवलेच नाहीत.

आता इथं आपला वऱ्हाड आठवा. १८५३ ला निजामाकडं हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी होती म्हणून इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला, नाव निजामाचं, वसुली इंग्रजांची. १९०२ ला कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतला, वर्षाला २५ लाख रुपये, सार्वभौमत्व कागदावर निजामाचंच. पुढच्याच वर्षी ग्वांतानामो: सार्वभौमत्व क्यूबाचं, ताबा अमेरिकेचा. आणि १९०५ ला डोमिनिकन रिपब्लिकच्या डोक्यावर युरोपचं कर्ज होतं तर अमेरिकेनं त्यांचं कस्टमच हातात घेतलं, ४५ टक्के त्यांच्या सरकारला, बाकी ५५ मधून सावकारांची फेड. १८५३ चा वऱ्हाडच की! आपण अमरावती-अकोल्याचा इतिहास वेगळा शिकतो आणि कॅरिबियनचा वेगळा, म्हणून हे जोडल्या जात नाही. मला या विषयात सांगायचं असं एवढंच आहे की नकाशाचा रंग पाहू नका, कर्ज, ड्यूटी आणि भाडेपट्टा कोणाच्या हातात गेला ते पाहा. उत्तरात ही तुलना दोन वाक्यांत बसवा आणि फरक पण टाका, निजाम आधीपासूनच इंग्रजांच्या छत्राखाली होता, क्यूबा निदान नावाला तरी स्वतंत्र प्रजासत्ताक होता.

फिलिपिन्सला सगळ्यात जास्त जागा द्या, कारण इथं गोड बोलणं संपते. २५ फेब्रुवारी १८९८, नौदलाचे मंत्री लाँग दुपारी ऑफिसात नव्हते तर त्यांचे सहायक थिओडोर रूझवेल्ट यांनी आशियातल्या अमेरिकन आरमाराचा प्रमुख ड्युई याला तार ठोकली की युद्ध झालं तर फिलिपिन्सकडं जायला तयार राहा. १ मे ला मनिलाच्या खाडीत स्पेनचं आरमार संपलं. फिलिपिनो पुढारी अॅग्विनाल्दोनं १२ जूनला स्वातंत्र्य जाहीर केलं, पण डिसेंबरमध्ये पॅरिसच्या तहात त्यांना कोणी विचारलं नाही, २ कोटी डॉलर देऊन अमेरिकेनं स्पेनकडून बेटं घेतली. ४ फेब्रुवारी १८९९ ला अमेरिकन आणि फिलिपिनो सैन्यात लढाई पेटली, ६ तारखेला सिनेटनं तह ५७ विरुद्ध २७ नं मंजूर केला, हा क्रम लक्षात ठेवा. युद्ध १९०२ ला संपलं असं जाहीर झालं तरी दक्षिणेत मोरो भागात पुढं बरीच वर्षं चाललं. ४२०० अमेरिकन सैनिक, २० हजाराच्या आसपास फिलिपिनो लढवय्ये, आणि हिंसा, उपासमार, कॉलरा यात २ लाखापर्यंत सामान्य माणसं मेली. पाणी पाजून छळ करायची पद्धत, लोकांना कोंडवाड्यात हलवणं, समार बेट ओसाड करून टाकायचा जनरल स्मिथचा हुकूम, हे सगळं अमेरिकन सिनेटच्याच चौकशीत आणि कोर्ट मार्शलमध्ये आलंय. आणि लोकांना असंच कोंडण्याबद्दल तर अमेरिकेनंच क्यूबातल्या स्पेनच्या जनरल वेलरला शिव्या घातल्या होत्या. हा विरोधाभास लिहिला तर परीक्षक पेन थांबवून वाचते.

शाळा, रस्ते, दवाखाने झाले हे पण लिहा, १९०१ ला थॉमस जहाजातून ५०० च्या आसपास शिक्षक आले, इंग्रजी आजही तिथं आहे. आणि स्वातंत्र्य कसं मिळालं ते बघा: १९३४ च्या कायद्यानं, आणि त्याच्यामागं फिलिपिनो चळवळ तर होतीच पण स्वस्त फिलिपिनो साखर आणि फिलिपिनो मजूर नको असलेले अमेरिकन शेतकरी आणि युनियनवालेही होते. कायद्यात वर्षाला फक्त ५० फिलिपिनोंना प्रवेश, आणि त्यांच्या मालावर हळूहळू ड्यूटी. प्रत्यक्ष स्वातंत्र्य ४ जुलै १९४६ ला. म्हणजे साखरेनं एक बेट आत ओढलं आणि दुसरं बाहेर ढकललं.

पनामा छोट्यात: १९०३ ला कोलंबियाच्या सिनेटनं कालव्याचा करार नाकारला, नोव्हेंबरात पनामात (तेव्हा तो कोलंबियाचाच भाग) बंड झालं, अमेरिकन युद्धनौका बाहेर उभी, लगेच मान्यता, १ कोटी डॉलर आणि वर्षाला अडीच लाख. १९१४ ला कालवा सुरू, १९९९ च्या ३१ डिसेंबरला पनामाच्या ताब्यात. चीनसाठी अमेरिकन परराष्ट्रमंत्री जॉन हे यांचं १८९९ चं खुल्या दाराचं धोरण (चीनचा बाजार सगळ्या देशांना सारखाच खुला) एका ओळीत. हैती १९१५ ते ३४, निकाराग्वा १९१२ ते ३३, राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्टची १९०४ ची घोषणा (लॅटिन अमेरिकेत हस्तक्षेपाचा हक्क आमचा), हे एकाच परिच्छेदात गुंडाळा.

विरोधक विसरू नका. १८९८ ची अँटी-इम्पिरियलिस्ट लीग, त्यात मार्क ट्वेन, पोलादवाला कार्नेगी आणि कामगार पुढारी गॉम्पर्स एकाच बाजूला. कार्नेगी आणि गॉम्पर्स एका व्यासपीठावर म्हणजे बाप्पा! प्रत्येकाचं कारण वेगळं होतं, गॉम्पर्सला स्वस्त मजुरांची भीती होती, ते तसंच लिहा, सगळ्यांना संत करू नका.

वेळ कमी असला तर हवाई आणि फिलिपिन्स पक्के करा, क्यूबाचे दोन कागद पाठ करा, आणि संत्र्याची केस परिणामांच्या पहिल्याच ओळीत टाका. पॅसिफिकचा हाताने काढलेला छोटा नकाशा, सॅन फ्रान्सिस्को ते मनिला, मध्ये होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम, दोन मिनिटात होतो, पेन्सिलनं काढा, आणि वेक १८९९ ला घेतलं हे बाजूला लिहा, ते बहुतेक लोकं सोडतात.