अर्क काढल्यावर उरणारा गांजाचा चोथा: आधी द्रावक काढा, मग कुजवा

कापणी आणि वाळवण उरकली की अर्क काढण्याचं काम जोरात सुरू होतं. परवानाधारक उत्पादकांच्या आवारात या दिवसांत सगळ्यांत वेगानं वाढतो तो चोथ्याचा ढीग. फुलापानांच्या वजनातला थोडाच भाग अर्कात उतरतो, बाकीचं सगळं मागे राहतं. यात देठं, काड्या, मुळं आणि छाटणीचा पाला मिसळला की जागा अपुरी पडते आणि काडी लावून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. जाळल्यानं धूर होतो, नत्र हवेत उडून जातं आणि इथेनॉलनं (अर्क काढायला वापरलेल्या अल्कोहोलनं) ओला असलेला चोथा पेटवणं तर जिवावर बेतू शकतं. कचरा डेपोत दाबून टाकणंही बरं नाही. तिथे हवेविना कुजून मिथेन तयार होतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता अडवतो.

अर्क काढण्यासाठी कोणतं द्रावक, म्हणजे अर्क विरघळवून घेणारा पदार्थ, वापरलं हे आधी पाहा. पुढचं सगळं त्यावर ठरतं. कार्बन डायऑक्साइडच्या पद्धतीतला चोथा कोरडा, पिठासारखा असतो आणि त्यात द्रावक राहत नाही. ब्यूटेन साधारण शून्य अंशालाच उकळतो, त्यामुळे तो लवकर निघून जातो, पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खोलगट जागी साचते. इथेनॉलचा चोथा सगळ्यांत फसवा. वरून कोरडा वाटतो, आत मात्र द्रावक धरून ठेवतो. इथेनॉलची वाफ सुमारे १३ अंश सेल्सिअसपासून पुढे पेट घेऊ शकते, म्हणजे थंडीच्या दिवसातही धोका असतोच.

म्हणून इथेनॉलचा चोथा आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पिळून घ्या, मग निर्वात वाळवणी यंत्रात उरलेलं इथेनॉल परत मिळवा. पुन्हा वापरता आलं तर पैसेही वाचतात. द्रावक उघड्यावर उडू देऊ नका, गटारात तर अजिबात ओतू नका. द्रावकानं ओला चोथा कटरमध्ये घालणं ही सगळ्यांत मोठी चूक: एक ठिणगी पुरते. हेक्सेनसारखं द्रावक वापरलं असेल तर तो चोथा कंपोस्टसाठी धरूच नका, घातक कचरा म्हणून अधिकृत यंत्रणेकडे सोपवा.

द्रावक गेलं की दळणं आणि मिसळणं. चोथा कोणाला वापरता येऊ नये आणि ओळखूही येऊ नये, असं बहुतेक परवान्यांत बंधन असतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या नियमांत तो दळून त्यात किमान निम्मा दुसरा कचरा मिसळण्याची पद्धत सांगितली होती. कंपोस्टच्या दृष्टीनंही हे सोयीचंच आहे, कारण नुसता बारीक चोथा दाबला जातो, त्यात हवा खेळत नाही आणि ढिगाला आंबूस वास सुटतो. दळताना मास्क लावा. कार्बन डायऑक्साइडच्या पद्धतीतला चोथा फार उडतो, म्हणून आधी थोडं पाणी शिंपडा.

अर्क काढला तरी पानाफुलांतली प्रथिनं बरीचशी मागेच राहतात, म्हणून चोथ्यात नत्र असतं. कर्ब मात्र बाहेरून घालावा लागतो. त्यासाठी स्वतःच्याच पिकाची देठं आणि काड्या बोटभर लांबीचे तुकडे करून मिसळा, शिवाय पेंढा किंवा लाकडी भुसा. कर्ब-नत्र गुणोत्तर २५ ते ३० च्या आसपास आणि ओल ५० ते ६० टक्के ठेवा. मूठभर माल घट्ट पिळल्यावर एक-दोन थेंब पडले तर ओल बरोबर आहे. ढीग प्रत्येक बाजूनं किमान एक मीटर हवा, त्याहून लहान असेल तर थंडीत तापतच नाही.

थर्मामीटर घ्याच, माझा आग्रह आहे. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर गेलं तरच तणांचं बी आणि रोगजंतू मरतात. उघड्या रांगेतल्या ढिगाला ही उष्णता १५ दिवस टिकवावी लागते आणि त्या काळात किमान पाच वेळा पलटवावं लागतं. ६५ च्या वर गेलं तर लगेच पलटा, नाहीतर उपयोगी जिवाणूही जातात. वाळलेल्या चोथ्याचे मोठे ढीग किंवा बंद गोण्या भिजू देऊ नका, आतल्या आत तापून पेट घेण्याची शक्यता असते. ढिगाखाली पक्की जमीन आणि वर आच्छादन ठेवा. पाझरणारं पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाता कामा नये.

हेंप (गांजाचीच नशा फार कमी असलेली जात) आणि गांजा जमिनीतलं कॅडमियम, शिसं ओढून घेतात. कुजताना ढिगाचं वस्तुमान घटतं, पण धातू तेवढेच राहतात. जमीन शंकास्पद असेल तर खाद्यपिकाला कंपोस्ट घालण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. हॉप लेटंट व्हायरॉइड या विषाणूहूनही लहान रोगकारकाची लागण असलेल्या झाडांचं कंपोस्ट तर पुन्हा गांजाला घालूच नका, हा व्हायरॉइड चिवट आहे.

बायोगॅस संयंत्र जवळ असेल तर थोडं उरलेलं इथेनॉल तिथे गॅसमध्येच रूपांतरित होतं, फक्त काष्ठमय काड्या नीट पचत नाहीत. काड्यांचा बायोचार, म्हणजे फारशी हवा न देता भाजलेला कोळसा, बनवता येतो. गांडूळखतासाठी चोथा आधी तापून थंड झालेला हवा, द्रावकाचा अंश असेल तर गांडुळं मरतात. गुरांना चोथा घालू नका. त्यातली रसायनं दुधात उतरू शकतात.

कंपोस्ट तयार व्हायला काही महिने लागतात. अमोनियाचा वास गेला, ढीग पलटूनही तापेना, की थोड्या कंपोस्टमध्ये लवकर उगवणारं बी पेरून पाहा. रोपं पिवळी पडली तर अजून थांबा. तोवर प्रत्येक टप्प्यावर चोथ्याचं वजन, मिसळलेला माल आणि तारीख वहीत नोंदवा आणि आवाराला कुलूप ठेवा. तपासणी झाली की ही वहीच सगळ्यांत आधी मागतात.