ओढून बघा, मगच पॅड घ्या

मुलांना स्केटिंग शिकवायला लागले तेव्हा मी आधी हेल्मेट बघायचे. आता नजर आधी मनगटाकडे जाते. तोल गेला की माणूस आपोआप हात पुढे टाकतो. सगळा भार तळहाताच्या मुळावर येतो आणि मनगटाचं हाड मोडतं. माझं असंच मोडलं, तेही गुडघ्याला आणि कोपराला पॅड असताना. सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये काढले.

म्हणून रिस्ट गार्ड, म्हणजे मनगटाला बांधायचं पॅड, घेताना तळहाताकडची पट्टी दाबून बघा. ती बोटाने सहज वाकली तर ठेवून द्या. कडक आणि किंचित बाकदार पट्टीच हवी. तिच्यामुळे पडल्यावर तळहात जमिनीला अडकत नाही, घसरत पुढे जातो. डावा-उजवा वेगळा असतो, मुलं हमखास उलटे घालतात.

नी पॅड घालून गुडघा पूर्ण वाकवा. मग कवच धरून खाली ओढा, बाजूला फिरवा. सरकलं तर साइझ मोठा आहे. कपडे वाढत्या अंगाचे घ्या, पॅड कधीच नाही! सैल पॅड पडताना पोटरीवर येतं आणि गुडघा उघडा राहतो. कोपराचंही तसंच. पायातून चढवायचे पॅड असतील तर ते आधी घाला, स्केट नंतर.

हेल्मेटवर ईएन १०७८ (हे युरोपातलं सुरक्षा मानक) लिहिलेलं असेल तर ते सायकल आणि स्केटिंग, दोन्हींना चालतं. भुवयांच्या वर दोन बोटं, सरळ बसवा. पट्टा लावून मोठी जांभई द्या. हेल्मेट डोक्यावर दाबलं गेलं पाहिजे. आतलं थर्मोकोलसारखं अस्तर दबून धक्का शोषतं आणि दबलेलं पुन्हा फुगत नाही. त्यामुळे डोकं जोरात आपटलं असेल तर बाहेरून चरा नसला तरी ते हेल्मेट बाद करा. मोह होतो, पण कुणाला देऊही नका. हेल्मेट रंगवू नका, थिनरने पुसू नका.

घरी आल्यावर पॅड बॅगेत कोंबून ठेवू नका, घामाचा वास मुरतो. धुण्याआधी वेल्क्रो बंद करा, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हाताने धुवा, सावलीत वाळवा. कवचाचे रिव्हेट हलतात का बघा. वेल्क्रोत केस, दोरे अडकले की पकड जाते. ते सुईने काढा. एवढं करूनही पट्टा सुटत असेल तर वेल्क्रो नवीन शिवून घ्या, आणि तोवर त्या पॅडवर स्केटिंगला उतरू नका.