ऑफिसात मदत करा, पण आपलं काम बोंबलू देऊ नका

प्रत्येक ऑफिसात एक माणूस असतोच ज्याच्याकडं सगळे जातात. प्रिंटर अडकला, एक्सेल बिघडलं, नवीन पोराला शिकवायचंय, बँकेत कोणालातरी पळवायचंय, सगळं त्याच्या गळ्यात. आणि इन्क्रिमेंटची यादी आली की त्याचंच नाव खाली. कुपवाड एमआयडीसीत बघा, मिरजेत बघा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर बघा, हा माणूस सापडतोच. गंमत म्हणजे तिथंच तेवढीच मदत करणारा दुसरा एकजण असतो आणि तो मात्र मॅनेजर होतो. स्वभावानं दोघंही चांगले, पण पहिला कधीही, कोणालाही, काहीही करून देतो आणि दुसऱ्यानं हे तिन्ही मनाशी ठरवलेलं असतं. तेवढंच शिकायचंय.

आधी कधीचं बघू, कारण निम्मं नुकसान तिथंच होतं. गावाकडं पैरा असतो ना, आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही, तिथं वही घेऊन हिशोब कोण मांडत नाही, पण आपल्या रानात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला असताना दुसऱ्याच्या पेरणीला पण कोण जात नाही आणि त्यावरनं कोण रुसत पण नाही. तसा आपल्या कामाचा वाफसा कधी असतो ते माहीत पाहिजे. मी अकाउंट्सवाला, माझा तारखांवर ठरतो, ७ ला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न. ह्या तारखा आणि त्यांचा आदला दिवस मी कोणाचंच काही बघत नाही आणि हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय, २१ नंतर या की, चहा पण पाजतो. तुम्ही सेल्सला असाल तर महिन्याचा शेवटचा आठवडा सोडा, प्रॉडक्शनला असाल तर शिफ्ट बदलतानाचा तास. नाही म्हणताना पोट दुखतंय, पाहुणे आलेत असली कारणं रचत बसू नका. "आत्ता नाय जमत, चारला ये, पंधरा मिनिटं देतो", बास. बऱ्याचदा चारपर्यंत त्याचं त्यानंच निस्तरलेलं असतं.

आता काय द्यायचं. माझं मत पक्कं आहे, करून द्यायचं नाही, दाखवायचं. १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी येतं, म्हणजे पार्ट्यांनी आपल्या नावावर भरलेल्या बिलांची यादी, ती आपल्या खरेदीशी जुळवायची असते, आणि सोळा-सतराला शेजारच्या युनिटचा पोरगा पेनड्राइव्ह घेऊन हजर, "दादा, खरेदी मॅच होईना, तेवढं बघा की". तुम्ही करून दिलं की तास गेला आणि पुढच्या महिन्यात तोच पेनड्राइव्ह परत. त्यापेक्षा त्याला खुर्चीत बसवा, माउस त्याच्या हातात द्या आणि तुम्ही मागं उभं राहा. २बी आणि आपली खरेदी, दोन्ही शीटमध्ये पार्टीचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून एक कॉलम करायला लावा आणि त्यावर व्हीलुकअप, म्हणजे एका शीटमधलं दुसऱ्या शीटमध्ये शोधायचा एक्सेलचा फॉर्म्युला. तरी बरीच बिलं जुळणार नाहीत आणि इथंच पोरं घाबरतात. नीट बघितलं तर पार्टीनं भरलेलं असतं ००४५ आणि आपल्या टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नुसतं ४५, नाहीतर एकीकडं मध्ये रेघ मारलेली, नाहीतर नंबरच्या मागं एक स्पेस पडलेली जी डोळ्याला दिसतच नाही. हे त्याचं त्याला सापडू द्या. पहिल्या वेळी वेळ जास्त जातो, माउस हिसकावून घ्यावासा वाटतो, तरी हात मागं बांधून उभं राहायचं. एकदा जमलं की पुढच्या वेळी तो पोरगाच दुसऱ्याला दाखवतो आणि तुमची सतरा तारीख मोकळी.

आपल्या भागाला हे काय नवीन नाही म्हणा. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ ला कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात बोर्डिंग चालवलं, गरिबाच्या पोरांना जेवणखाण, शाळा सगळं मिळालं पण त्याबरोबर हातात काम पण दिलं, कमवा आणि शिका. मदत करायची पण समोरचा आपल्या पायावर उभा राहील अशी, हे ऑफिसात पण लागू होतंय.

कोणाला करायची, तर सगळ्यात आधी नवीन आलेल्याला, कारण त्याला कोण विचारत नाही आणि त्याची पाच मिनिटांची अडचण दोन दिवस तशीच पडून राहते. उलट जो फक्त घेतो आणि वर साहेबांसमोर तुमचं काम स्वतःचं म्हणून दाखवतो, त्याच्याशी भांडण काढू नका, फक्त उधारी बंद करा. "हे मी बघतो, तू तेवढं माझं बँकेचं करून ये." केलं तर चांगलंच आहे, नाही केलं तर पुढच्या वेळी चारची वेळ पण द्यायची नाही. चांगुलपणाला असली अट घालणं काही लोकांना आवडत नाही, मला त्यात काही वावगं वाटत नाही.

साहेबच कामं टाकत असतील तर प्रकरण जरा वेगळं. तिथं नाही म्हणू नका, विचारा, "साहेब, हातात ही दोन आहेत, हे तिसरं घेतो, मग यातलं कुठलं मागं ठेवू?" आणि त्यांनी सांगितलेलं मेलवर एका ओळीत टाका, म्हणजे नंतर तुमचं हे का राहिलं म्हणून बोलणी बसत नाहीत.

केलेली मदत लिहून पण ठेवा. फोनवर सांगितलेलं हवेत जातं, वर्षाखेरीला तुम्हाला स्वतःला आठवत नाही तर साहेबांना काय आठवणार. स्वतःलाच व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकली तरी पुरतं. आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये "सर्वांना सहकार्य करतो" असलं गुळमुळीत काही लिहू नका, ते सगळेच लिहितात. असं लिहा, "माल नेणारी गाडी बदलली की मालाबरोबरच्या ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये गाडीचा नवीन नंबर टाकायला डिस्पॅचच्या पोरांना शिकवलं, आता त्यासाठी अकाउंट्सला फोन येत नाही." याला मिरवणं म्हणत असतील तर म्हणू देत. आणि आपण पण मदत मागायची बरं का, सारखं देणाऱ्याला काही लागतंय हे लोकांच्या ध्यानातच येत नाही.

राहिलं वाढदिवसाचा केक, सेंड-ऑफची वर्गणी, शाल-श्रीफळ, चहाचे पैसे गोळा करणं. ही कामं बहुतेक ऑफिसात एखाद्या मॅडमच्या नाहीतर सगळ्यात ज्युनियर पोराच्या अंगावर पडतात, फॉर्ममध्ये दाखवता येत नाहीत आणि वेळ मात्र खातात. मॅडम, तुम्ही "मी नाही करणार" म्हणालात तर उगाच नाराजी होते, त्यापेक्षा नोटीस बोर्डावर डिपार्टमेंटवार पाळी लावून टाका, या महिन्यात अकाउंट्स, पुढच्या महिन्यात स्टोअर, मग क्वालिटी. स्टोअरवाले केकऐवजी भडंगाचं पाकीट घेऊन आले तरी दुरुस्त करायला जाऊ नका, खाऊन टाका.